अखंड कठडा

बळवंत साक्ष द्यायला उठला की माझी बायको शुभदा पर्समधून रुमाल काढून मांडीवर ठेवते. तो अजून "सलाम, मंडळी" एवढंही म्हणालेला नसतो. मे महिन्यातला दुसरा रविवार म्हणजे बळवंतची साक्ष, हे आमच्या दिल्लीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत बत्तीस वर्षं ठरून गेलं आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते बाकीचे लोक उपासनेत उभं राहून दोन मिनिटांत सांगतात आणि खाली बसतात. बळवंतला वीस मिनिटं लागतात, आणि तरी कुणी घड्याळ बघत नाही. मी बघतो.

त्याची साक्ष मला पाठ आहे. सन ब्याण्णव, शनिवारची दुपार. त्याची बायको चंद्रप्रभा हिंदूराव दवाखान्यात, कळा सुरू होऊन चौदा तास झालेले. दवाखान्याच्या उतारावर तेव्हा आमचं प्रार्थनाघर होतं. बळवंत तिथं धावत गेला आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी त्यानं गुडघे टेकले. दहा फूट लांब, सहा इंच रुंद, चार इंच जाड असा तो सागवानी कठडा. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळी मंडळी त्याच्यापुढं गुडघे टेकायची. तेवढ्यात आंधी आली, दिल्लीतलं ते धुळीचं वादळ. भर दुपारी अंधार झाला आणि कडुनिंबाची अख्खी फांदी पत्रा फोडून आत घुसली. बळवंत कठड्याखाली शिरला, फांदी कठड्यावर कोसळली. इथं तो थांबतो. मग हात वर करून म्हणतो, "पण कठडा मोडला नाही, मंडळी! देवानं तो मोडू दिला नाही!" आणि त्यानंतर पाऊण तासानं त्याची मुलगी क्षिप्रा जन्मली. इथं शुभदाचा रुमाल डोळ्यांना लागतो.

कठडा मोडला होता. मला माहीत आहे, कारण तो मी जोडला.

तेव्हा मी सरकारी बांधकाम खात्यात सुतारकाम बघत होतो. आंधीनंतरच्या सोमवारी आमचे पाळक तात्याराव मला प्रार्थनाघरात घेऊन गेले. फांदी लोकांनी उचलून बाहेर टाकली होती. कठडा आपल्या खांबांवर उभा, त्यावर नेहमीचं लाल कापड. रविवारी सगळे त्याला हात लावून रडून गेले होते. मी कापड काढलं, वाकून खालून पाहिलं. वरून केसाएवढी रेघ, खालून मात्र लाकूड पार फाटलेलं. खांबांवरून उचलायला गेलो तर दोघांच्या हातात दोन तुकडे आले.

तात्याराव आपल्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिनकर, काल तीन कुटुंबं मला येऊन म्हणाली, आम्ही आता ही मंडळी सोडणार नाही. छप्पर गळतंय, लोक कमी होतायत, हेच इतके दिवस ऐकत होतो. त्यांना धीर आलाय. तू हे नीट कर. बोलू नकोस. वेळ आली की मीच सांगेन."

मी शब्द दिला. तीन दिवसांची कॅज्युअल लीव्ह टाकली आणि आतून कडी लावून कामाला लागलो. फाटलेला भाग कापून काढला, तिरका सांधा घेतला, जुन्या व्यासपीठाच्या मोडक्या पायातलं तेवढ्याच वयाचं सागवान शोधून रेषेला रेषा जुळवली. माणसांचा भार येणार म्हणून खालच्या अंगाला खाच पाडून आत हातभर लांबीची लोखंडी सळई बसवली, ती सागवानी पट्टीनं झाकली. फटी लाख आणि भुशानं बुजवल्या, वर पॉलिश. तात्यारावांनी चष्मा लावून पाहिलं, बोटं फिरवली आणि विचारलं, "कुठं जोडलंस?" माझ्या कामाची आयुष्यात एवढीच तारीफ झाली, आणि ती ऐकायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. पुढं तात्याराव निवृत्त होऊन नगरला गेले आणि तिथंच वारले. त्यांची ती वेळ आलीच नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दळण मी दळलं आणि आयत्या पिठावर रेघोट्या बळवंत ओढतोय. बरं, त्याच्यावर रागवावं तर तो माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं! पंच्याऐंशी साली आम्ही एकदमच दिल्लीत आलो, मुनिरक्यात एका खोलीत तीन वर्षं राहिलो. कूलर बिघडला की मी उघडून बसायचो, आणि खाली घरमालकाला बळवंत सांगायचा, "हमने ठीक कर लिया, जी." मालकीणबाई त्यालाच चहा द्यायची. पुढं तो एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर झाला, मंडळीचा पंच झाला. माझी बायपास झाली तेव्हा आठ दिवस दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिला, आणि मी शुद्धीवर आल्यावर नर्सबाई मला म्हणाली, "आपके दोस्त कितना अच्छा बोलते हैं." त्या अवस्थेतही माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

शुभदानं मला एकदा विचारलं होतं, "तुम्ही का हो कधी साक्ष देत नाही?"

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"असं कसं? देवानं तुमच्यासाठी काहीच केलं नाही?"

"केलं असेल. माझ्या डोक्यावर फांदी नाही टाकली, एवढंच."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी तिला सांगू शकलो असतो, बाई गं, तू ज्याच्यासाठी रडतेस ना, ते तुझ्या नवऱ्याच्या हातचं काम आहे. पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर, नुसतं सांगून मला पुरणार नव्हतं. सगळ्यांसमोर, बळवंतच्या तोंडावर कळायला हवं होतं.

तशी संधी गेल्या वर्षी चालून आली. हिंदूरावच्या उतारावरची ती इमारत इतकी जुनी झाली होती की मालकांनी ती उतरवायची ठरवली. मंडळीतले निम्म्याहून जास्त लोक तोवर द्वारकेला राहायला आलेले, मीही सेक्टर सहामध्ये. म्हणून द्वारकेतच एक तळमजल्यावरचा हॉल घेतला. जुन्या जागेतली बाकं, दोन दारं आणि कठडा एवढं आम्हाला मिळालं. नव्या हॉलमध्ये कठड्याला जागा नव्हती. मग बैठकीत क्षिप्रा उठली. बळवंतची तीच मुलगी, आता आर्किटेक्ट आहे.

"आपण त्या रेलिंगचा क्रॉस बनवू या," ती म्हणाली. 'कठडा' हा शब्द तिला कधीच आठवत नाही, तिचं मराठी दिल्लीतलं. "समोरच्या भिंतीवर, बिल्कुल साधा. जे लाकूड तुटलं नाही त्याचा. जुनं चर्च आपल्याबरोबर इथं येईल."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवे पाळक तरुण आहेत, त्यांनी तिथल्या तिथं प्रार्थना केली. कामाची जबाबदारी अर्थातच बळवंतवर आली. हॉलमध्ये चाळीस माणसं होती आणि त्यांतला सुतार एकटा मी. निघताना बळवंतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिनकर, तू पण ये यार कीर्तीनगरला. तुला लाकडातलं कळतं."

तो 'पण' मी घरापर्यंत चघळत आलो. जेवताना शुभदा म्हणाली, "किती सुंदर कल्पना आहे ना क्षिप्राची?" मी म्हटलं, "भाजीत मीठ नाही." होतं खरं तर.

क्षिप्रानं काढलेलं ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी ते मोठं करकरून पाहिलं. कठडा रुंदीच्या बरोबर मधून उभा चिरायचा, तीन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या करायच्या, एक उभी आणि एक आडवी. बरोबर मधून! माझी सळई बरोबर मधे होती. मशीनचं पातं तिच्यावर जाणार, ठिणग्या उडणार, लाकूड उघडणार, आणि अखंड कठड्याच्या पोटातून लोखंड बाहेर येणार. मला तोंड उघडायची गरजच नव्हती. तात्यारावांना दिलेला शब्दही मोडणार नव्हता. पातंच माझी साक्ष देणार होतं. मला खूप दिवसांनी छान झोप लागली.

एवढंच की पातं लोखंडाला लागलं तर काय होतं, ते मला माहीत होतं. सुतारकीत चाळीस वर्षं काढली आहेत. दात तुटून गोळीसारखे उडतात, लाकूड उसळून माणसाच्या अंगावर येतं. पण ते विचार मी बाजूला सारले. पात्याला झाकण असेल, असं स्वतःला सांगितलं.

कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात रईस मियांचा कारखाना आहे. सहारनपूरचे, साठीचे, अंगावर भुसा आणि कानावर पेन्सिल. टेम्पोतून कठडा उतरवला तेव्हा त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि नुसते "वाह" म्हणाले. मशीन जुनंच होतं. झाकण नव्हतं. रईस मियांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं आधीच गेलेली होती.

बळवंतनं त्यांना साक्ष सांगायला सुरुवात केली. हिंदीत. "भाईसाहब, यह लकड़ी टूटी नहीं..." रईस मियां मान डोलवत ऐकत होते आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. बोल, म्हटलं, बोलून घे. शेवटची वेळ आहे.

साक्ष संपल्यावर रईस मियांनी भिंतीवरच्या खिळ्याला दोरीनं टांगलेलं एक चुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं, बशीएवढं. जुनं लाकूड करवतीखाली घालण्याआधी त्यात खिळा-लोखंड आहे का हे बघायचं, हा सगळ्या सुतारांचा रिवाज. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"पुरानी लकड़ी है," ते म्हणाले. "कील-वील तो नहीं अंदर?"

"नहीं जी, अखंड है," बळवंत म्हणाला. "एक पीस."

रईस मियांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. सुताराचे हात सुताराला कळतात.

"आप मिस्त्री हैं न? आप बताइए."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, ह्यांना सगळं कळलंय. नुसतं "हाँ, सरिया है", सळई आहे, एवढं म्हटलं असतं तरी संपलं असतं. पण मग काय झालं असतं? बळवंत "अच्छा?" म्हणाला असता, दोन मिनिटांत त्यातूनही काहीतरी सुंदर बोलला असता, आणि मी पुन्हा भिंतीला टेकून. मला ठिणग्या हव्या होत्या.

"साफ़ है," मी म्हणालो.

आणि रईस मियांनी चुंबक परत खिळ्याला अडकवलं. मिस्त्रीच्या शब्दावर मिस्त्रीनं भरवसा ठेवला. तसाच ठेवायचा असतो.

त्यांनी बटण दाबलं. पातं फिरायला लागलं आणि कारखाना त्या आवाजानं भरून गेला. कठडा दोन्ही हातांनी धरून ते पुढं सरकवू लागले. पहिला फूटभर लोण्यासारखा कापला गेला, सागवानाचा तो वास आला. त्या वासानं मला प्रार्थनाघरातले ते तीन दिवस आठवले, कडी लावून एकट्यानं केलेलं काम, आणि तात्यारावांचं "कुठं जोडलंस?" बळवंत पलीकडं डोळे मिटून ओठ हलवत होता. रईस मियांचा डावा हात, ती दोन अर्धी बोटं, लाकडाबरोबर पात्याकडे चालला होता.

मी धावलो. कशावर पाय पडला, काय लागलं, काही आठवत नाही. तळव्यानं लाल बटण ठोकलं आणि ओरडलो, "बंद! बंद करो! सरिया है अंदर!"

पातं घरघरत थांबायला वेळ लागला.

"कसली सळई?" बळवंतनं विचारलं.

"कठड्यात. मी घातली. ब्याण्णव साली. कठडा मोडला होता बळवंत, दोन तुकडे झाले होते. तात्यारावांनी मला जोडायला सांगितला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले."

ज्या क्षणाची बत्तीस वर्षं वाट पाहिली तो हा. बळवंत मागच्या फळ्यांच्या ढिगावर बसला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. मुनिरक्यापासून मी त्याला असा कधीच पाहिला नव्हता. मला वाटलं होतं, बघताना गार वाटेल. छे. म्हातारा माणूस फळ्यांवर बसला होता आणि मला त्याला पाणी द्यावंसं वाटत होतं.

रईस मियां मात्र कठड्यावर वाकले होते. "कहाँ है?" ते म्हणाले. "दिखाइए." मी दाखवायला गेलो आणि मलाच सापडेना. डावीकडून दीड फूट की उजवीकडून? उलटासुलटा करून पाहिला, नख फिरवलं. रेषा सलग जात होत्या. शेवटी त्यांनी चुंबक काढलं आणि दोरीला धरून कठड्याच्या वरून हळूहळू नेलं. एका जागी ते थरथरलं आणि लाकडाकडे ओढलं गेलं. पातं जिथं थांबलं होतं तिथून ती जागा चार बोटांवर होती.

रईस मियांनी ते अंतर पाहिलं. मग माझा हात धरला, उलटा करून तळवा पाहिला. "ऐसा जोड़ मैंने नहीं देखा," ते म्हणाले. "यह हाथ चूमने लायक है." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "लेकिन पूछा था मैंने. आपसे ही पूछा था."

"भूल गया था," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "होता है. बत्तीस साल हो गए." त्यांचा विश्वास बसला. बळवंतनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दाराची बेल वाजली. शुभदा खाली दूध आणायला गेली होती. बळवंत आत येऊन खुर्चीत बसला.

"तू विसरला नव्हतास," तो म्हणाला.

"नाही."

"अच्छा." त्यानं पंख्याकडे पाहिलं. "मला 'कट्ट' असा आवाज आलेला आठवतो रे. मी समजत होतो, फांदीचा असेल. म्हणजे दर वर्षी मी खोटंच बोललो?"

"तुला काय माहीत होतं? खोटं मी बोललो."

"क्रॉस तू कर," तो म्हणाला. "मशीन नको. हाताने. आणि तो जोड झाकू नकोस."

मी नऊ दिवस बाल्कनीत काम केलं. खालची पट्टी उचकटली, सळई बाहेर काढली. कठडा उभा न चिरता आडवा कापला, दोन तुकडे एकमेकांत अर्धे-अर्धे बसवले. पात्यानं फूटभर चिरलेलं टोक खाली घेतलं. सळईची खाच आणि तिरका सांधा समोरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. बळवंत रोज प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसायचा. नुसता बसायचा. शुभदा त्याला चहा द्यायची आणि मला विचारायची, "ह्यांना झालंय तरी काय? तुम्ही काही बोललात का?" तिला चिंता त्याची! भुशात मी उभा, आणि चिंता त्याची. हातात तो क्रूस धरूनसुद्धा माझं पोट दुखायचं ते दुखलंच.

नव्या जागेच्या समर्पणाच्या रविवारी हॉल भरून गेला होता. क्रूस भिंतीवर चढला होता. पाळकसाहेब म्हणाले, आता बळवंतकाका साक्ष देतील. शुभदानं रुमाल मांडीवर ठेवला.

"सलाम, मंडळी," बळवंत म्हणाला. चंद्रप्रभा, दवाखाना, आंधी, फांदी, सगळं तसंच. मग तो थांबला, पण हात वर गेला नाही.

"कठडा मोडला होता," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. तो मोडला म्हणून मी वाचलो, मार त्यानं खाल्ला. आणि तात्यारावांच्या सांगण्यावरून आपल्या दिनकरनं तो जोडला. तीन दिवस, एकट्यानं. बत्तीस वर्षं आपण त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि एकालाही सांधा दिसला नाही. आणि ह्यानं कधी तोंडातून अक्षर काढलं नाही." सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. "त्या दिवशी कीर्तीनगरला मशीन सुरू झालं होतं. ह्यानं धावत जाऊन ते बंद केलं. एका कारागिराचा हात ह्यानं वाचवला, मंडळी. मी डोळे मिटून उभा होतो."

एवढं बोलून तो खाली बसला. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

शुभदा रडत होती. माझ्यासाठी. रुमाल सोडून पदरानंच डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरून होती. मला जे जे हवं होतं ते सगळं एका रविवारी मिळालं होतं. आणि ते अर्धंच खरं होतं. बळवंत बत्तीस वर्षं अर्धं बोलला तो नकळत. आज तो जाणूनबुजून अर्धं बोलला, माझ्यासाठी. 'साफ़ है' त्यानं गिळलं होतं. मी गप्प राहिलो तो धुमसत राहिलो, आणि हा गप्प राहिला तर किती सहज! हेही त्यालाच जमावं? असा जळफळाट झाला माझा, की मी उठून उभा राहिलो.

"सलाम, मंडळी," मी म्हणालो. "त्या कारागिरानं मला आधी विचारलं होतं, लाकडात लोखंड आहे का. मी म्हणालो, नाही. मला माहीत होतं. बळवंतची साक्ष सगळ्यांसमोर खोटी पडावी म्हणून मी तसं म्हणालो. हात मी वाचवला हे खरं आहे. घालवायला निघालो होतो तोही मीच. एवढंच."

खाली बसलो. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. शुभदानं माझं मनगट सोडलं, रुमालाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. तिचे डोळे कोरडे झाले होते. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं.

उपासना संपल्यावर ती बाहेर पायरीवर माझी वाट बघत उभी होती. मागून बळवंतही येत होता.

"त्या रईस मियांना सांगितलंत हे?" तिनं विचारलं.

"काय?"

"मुद्दाम केलंत ते."

"नाही. त्यांना वाटतं मी विसरलो होतो. मीच तसं सांगितलं."

"मग इथं उभं राहून सांगायचं काय काम होतं? हात इथल्या कुणाचा जाणार होता?"

मी पायरी उतरलो.

"रविवारी कीर्तीनगर उघडं असतं," ती म्हणाली. "चला."

"थांब, थांब," बळवंत म्हणाला. "मी पण येतो, यार. गाडी काढतो."

"नको," मी म्हणालो.

"अरे, पण..."

"तू आलास की तूच बोलशील."

बळवंतनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हसला. मला हसू आलं नाही.

आम्ही द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन धरली. शुभदा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी मनात वाक्य जुळवत होतो, कारण हिंदीत मला पटकन सुचत नाही. बऱ्याच वाक्यांची जुळवाजुळव करून सोडून दिली. शेवटी उरलं ते एवढंच, 'मुझे याद था.' शब्द तीनच होते, पण कीर्तीनगर आलं तरी ते मला म्हणता येत नव्हते.